वेलँडवर गेलो आणि स्क्रीन शेअरिंगपाशी अडकलो

लिनक्स आहे म्हणून निर्धास्त असाल तर एकदा हे करून पाहा. एक्स११, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था, तिच्या सत्रात टर्मिनल उघडा, कीबोर्डचा आयडी देऊन ‘एक्सइनपुट टेस्ट’ ही कमांड चालवा आणि दुसऱ्याच खिडकीत पासवर्ड टाइप करा. दाबलेल्या प्रत्येक कीचा कोड टर्मिनलमध्ये उमटतो. रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्याचा, अधिकार लागत नाही, परवानगी कोणी विचारत नाही. एक्स११ १९८७चं आहे. एका स्क्रीनवरचे सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या विश्वासातले, हेच त्यात गृहीत धरलंय.

हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी वेलँडवर, म्हणजे एक्स११च्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर, गेलो. लॉगिन करताना सत्र बदललं, बाकी सगळं सुरळीत.

अडलं ते स्क्रीन शेअरिंगवर. मीटिंगच्या अ‍ॅपमधून स्क्रीन दाखवली की समोरच्यांना नुसता काळा चौकोन. त्या अ‍ॅपच्या सपोर्टचं ठरलेलं उत्तर: ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केला. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. शेवटी म्हणाले, एक्स११वर परत जा. ज्या कारणासाठी मी बाहेर पडलो त्यातच परत जायला इतक्या सहज सांगितलं, याचा राग अजून गेलेला नाही.

ड्रायव्हरचा काही संबंधच नव्हता. ते अ‍ॅप एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स११ची अ‍ॅप्स चालवणाऱ्या सोयीतून, चालत होतं आणि जुन्या पद्धतीने अख्ख्या स्क्रीनचं चित्र थेट मागत होतं. वेलँडमध्ये ते असं मिळत नाही, आणि मिळू नयेच. अ‍ॅपने पोर्टलकडे, म्हणजे परवानगी विचारणाऱ्या मध्यस्थाकडे, मागायचं, मग कोणती खिडकी दाखवायची हे सिस्टिम तुम्हाला विचारते आणि तुम्ही निवडलेलं तेवढंच पाइपवायर या चित्र-आवाज वाहून नेणाऱ्या सेवेतून पुढे जातं. तीच मीटिंग ब्राउझरमध्ये उघडली. सिस्टिमचा प्रश्न आला, मी खिडकी निवडली, पलीकडून “दिसतंय” असं ऐकू आलं आणि जीव भांड्यात पडला.

हो, तो प्रश्नच आला नाही तर आधी पोर्टलचं पॅकेज तपासा; नोम डेस्कटॉपला नोमचं लागतं, केडीई डेस्कटॉपला केडीईचं.

एक्सवेलँडमधली अ‍ॅप्स अजूनही एकमेकांच्या कीज वाचू शकतात. ती कोणती, हे ‘एक्सएलएसक्लायंट्स’ ही कमांड दाखवते. पासवर्ड टाकायची अ‍ॅप्स त्या यादीत ठेवू नका.

आणि फ्लॅटपॅकच्या, म्हणजे बंदिस्त चौकटीत चालणाऱ्या अ‍ॅप्सच्या, परवानग्या बघाच. एखाद्या अ‍ॅपला होम फोल्डरमध्ये लिहायची पूर्ण मुभा असेल, तर ते बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, एक ओळ घालून रूटचा अधिकार देणाऱ्या तुमच्या सुडो कमांडच्या जागी स्वतःचा प्रोग्रॅम बसवू शकतं. फ्लॅटसील या अ‍ॅपमधून ही परवानगी काढता येते.