डावा पंख बंद, आता पेट्रोलचं काय?

मी स्वतः बांधतोय त्या छोट्या विमानाचा डावा पंख एकदाचा बंद झाला. वरचा पत्रा रिव्हेट करण्याआधी आतल्या सांध्यांचे आणि इंधनाच्या नळीचे फोटो काढून ठेवलेत, कारण तपासायला कोणी आलं तर पत्रा पुन्हा उघडून दाखवता येत नाही. मिरजेतल्या शेडमध्ये उन्हाळाभर एक पथ्य पाळलं: भोकं सकाळीच पाडायची. दुपारी खिडकीतलं ऊन नेमकं पत्र्यावर येतं आणि स्पार (पंखाची मुख्य आडवी तुळई) सावलीतच राहतो. तीन मीटर ॲल्युमिनियमला १५ अंशांचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिमीटर वाढ. क्लेको (रिव्हेटआधी पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या पिना) ओढूनताणून बसतात, पण गार झाल्यावर पत्रा ताणतो आणि भोकं सरकतात.

असो. सध्या डोकं खातंय ते इंधन.

इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. त्याला किमान ९५ ऑक्टेन (ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता) लागतं आणि पंपावरचं ई२० पेट्रोल तेवढं देतं. अडतं ते इथेनॉलवर. रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतं, आपल्याकडे २० टक्के. शेजारचे आबा ऊसवाले. हे ऐकून म्हणाले, "आमच्या उसावर साऱ्या गाड्या पळत्यात, आन् तुझ्या इमानाचं आमच्या उसानं काय घोडं मारलंय?"

त्यांना नळीच दाखवली. १०० मिलीच्या मोजनळीत १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, बूच लावून खळाखळा हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी सोयरीक करतं. खालच्या थराची रेघ १० वरून चढत २८ च्या आसपास थांबते. आबा नळी उजेडात धरून बराच वेळ बघत होते. टाकीत पुरेसं पाणी शिरलं तर हेच होतं: इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं, वरच्या पेट्रोलचं ऑक्टेन घटतं आणि इंजिनाला पहिला घोट तळाचा मिळतो. गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते, इथे ती सोय नाही.

दुसरा पर्याय एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे खास विमानांचं पेट्रोल. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशी एव्हगॅस आणलं, पण ते सांगलीच्या पंपावर थोडंच मिळणार? पिंप मागवायचं, वाहतूक सोसायची, साठवणीचे नियम पाळायचे. वर त्यात शिसं असतं, त्याचा गाळ तेलात साठतो, म्हणजे इंजिनाचं तेल १०० तासांऐवजी ५० तासांना बदलायचं आणि प्लगकडे सारखं लक्ष. तरी मी एव्हगॅसच धरून चाललोय. नळ्या मात्र इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, टाकीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्याला ड्रेन दिला आणि इंजिनाकडून टाकीकडे परतीची नळी टाकली. आपल्या उन्हात पंपापाशी वाफ धरली तर तिला बाहेर पडायला वाट हवी.

खर्चाचं विचारणाऱ्यांना एकच सांगतो: रोटॅक्सच्या रबरी नळ्या पाच वर्षांनी बदलायच्या, विमान उडो वा न उडो. कवलापूरची जुनी धावपट्टी हाकेच्या अंतरावर, पण वापरात नाही. त्यामुळे नजर कराडच्या विमानतळावर.

कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण दर भेटीत निघतं. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान लोकांनी २०१६ मध्ये मेक इन इंडिया प्रदर्शनात पाहिलं, नोंदणी झाली २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी त्याही नंतर. म्हणून माझी कागदांची फाईल पंखाबरोबरच वाढवतोय.

आता उजव्या पंखाच्या रिबा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या. ९१२ एव्हगॅसवर चालवणाऱ्यांनी तेलाच्या टाकीत गाळ किती साठतो ते जरूर कळवा, जमलं तर फोटोसह.