रबराला जागा हवी

ट्रॉलीच्या नव्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, आवळणारे एम-१० चे (१० मिमी जाडीचे) आठ बोल्ट. हिशेबाप्रमाणे ते साध्या रिंग पान्यानं, नुसत्या मनगटाच्या जोरावर बसायला हवे होते. फिटरनं टॉर्क पाना ४५ न्यूटन-मीटरवर लावला, तो खट्‌कन सुटला, आणि हबच्या दोन अर्ध्यांमध्ये अजून ३ मिमी फट उरलेली. "साहेब, आणखी ओढू का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "राहू दे, एवढ्यानं काही बिघडत नाही." चाक तिथंच उघडलं असतं, तर दुपारी फाउंड्रीत सगळ्यांसमोर फजिती झाली नसती.

काम कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीचं होतं. कोअर शॉपमध्ये तयार झालेले वाळूचे कोअर (ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे आकार) ट्रॉलीवर रचून मोल्डिंग लाइनवर न्यायचे. त्यात इंजिनाच्या हेडमधले वॉटर जॅकेटचे, म्हणजे थंड पाण्याच्या वाटांचे, कोअर असतात. काही ठिकाणी ते बोटाहूनही बारीक, आणि धक्का बसला की नेमके त्याच मानेशी तुटतात. वाटेत काँक्रीटचे सांधे आणि मोल्ड-गाडीच्या रुळांचं एक क्रॉसिंग. हवेचा टायर तिथं टिकत नाही, कारण जमिनीवर बर (ओतकामाच्या कडांचे धारदार तुकडे) आणि लोखंडी चिपा पसरलेल्या असतात. भरीव रबराचा टायर पंक्चर होत नाही, पण धक्का वर जसाच्या तसा पाठवतो. ट्रॉलीला स्प्रिंग लावावी तर प्लॅटफॉर्मची उंची वाढते आणि रॅक डुलायला लागतो. म्हणून लवचीकपणा चाकाच्या आतच ठेवायचा ठरलं: बाहेर पोलादी रिम, आत हब, आणि दोघांच्या मध्ये रबराचे ठोकळे.

आकडे असे. भरलेली ट्रॉली १,६०० किलो, म्हणजे एका चाकावर ४०० किलो, सुमारे ४,००० न्यूटन. वेग जास्तीत जास्त ताशी १० किमी. चाकाचा बाहेरचा व्यास ४०० मिमी, रुंदी ६० मिमी. वर जमिनीला लागणारा १५ मिमी पॉलियुरेथेनचा ट्रेड, खाली १० मिमी जाडीची रिम. (पॉलियुरेथेन कोअरच्या वाटेवर चालतं. जिथं वितळलेलं लोखंड ओततात तिथं ते नेऊ नये, एक थेंब पडला तरी ट्रेड कामातून जातो.) मध्ये ५० × ५० मिमीचे, ३० मिमी जाडीचे ८ ठोकळे, नैसर्गिक रबराचे, कडकपणा ५० शोअर ए.

असं चाक भार कसा घेतं, हे नीट डोळ्यांसमोर आणावं लागतं. सगळा भार खालचा ठोकळा एकटा घेतो असं वाटतं, पण तसं नाही. हब रिमच्या मध्यापासून थोडा खाली उतरतो. तेव्हा खालचा ठोकळा दबतो, वरचा सुटायला बघतो आणि दोन्ही बाजूंचे ठोकळे आडवे ओढले जातात, म्हणजे त्यांच्यावर कातर येते. एका ठोकळ्याची दाबातली ताठरता २३० न्यूटन प्रति मिमी आणि कातरेतली ५३ धरली, तर पूर्ण चाकाची ताठरता येते निम्मे ठोकळे गुणिले दोन्हींची बेरीज: ४ × २८३, साधारण १,१३० न्यूटन प्रति मिमी. ४,००० न्यूटनला हब ३.५ मिमी उतरतो. हा स्थिर बसका मिमीमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळानं १५.७६ ला भागलं की नैसर्गिक कंपनसंख्या मिळते, म्हणजे ट्रॉली आपोआप सेकंदाला किती वेळा वरखाली डोलेल ते. इथं ती ८.४ हर्ट्झ. सांध्यावर आपटताना मोकळेपणानं उसळणारं वजन उरतं फक्त रिम, ट्रेड आणि ठोकळ्यांच्या रिमकडच्या बैठकांचं, म्हणजे ७-८ किलो.

वरचा ठोकळा सुटू नये म्हणून सगळे ठोकळे बसवतानाच ४ मिमी दाबून ठेवायचे होते. त्यासाठी हब दोन अर्ध्यांत केला, त्यांना १५ अंशांचा उतार दिला आणि उतारावर पोलादी बैठका ठेवल्या. बोल्ट आवळले की अर्धे जवळ येतात आणि बैठका पाचरीसारख्या बाहेर सरकतात. एका ठोकळ्याला ४ मिमी दाबायला ९२० न्यूटन. आठांचे मिळून ७,४०० च्या आत. घर्षण धरूनही एका बोल्टवर जेमतेम २०० न्यूटन ओढ येते. ४५ न्यूटन-मीटरला एम-१० चा बोल्ट २० हजार न्यूटनच्या पुढे ओढतो. हा शंभरपटीचा फरक सकाळी सात वाजता आमच्या टेबलावर होता, आणि मी त्याला ३ मिमीची फट म्हणालो.

दुपारी ट्रॉली फाउंड्रीत गेली. पहिल्याच सांध्यावर आवाज आला, रबरी चाकाचा नव्हे, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. रुळांच्या क्रॉसिंगवर रॅकमधले कोअर खडखडले. तिथल्या सुपरवायझरनं खाली वाकून चाक न्याहाळलं आणि म्हणाला, "ओ साहेब, ह्ये चाक हाय का दगूड?" जुन्या भरीव टायरच्या ट्रॉलीवर अॅक्सिलरोमीटर लावून घेतलेले आकडे आमच्याकडे होते. नव्या चाकाचे धक्के त्याहून कमी नव्हते. रिमचं पोलाद धरता, थोडे जास्तच.

संध्याकाळी परत येऊन चाक उघडलं. बोल्ट सैल करताना हबचे अर्धे टणकन दूर झाले. आत जे दिसलं त्यात सगळं उत्तर होतं.

ठोकळ्यांत वाळू जाऊ नये आणि दाब सुटला तर ठोकळा निसटू नये, म्हणून आम्ही प्रत्येकाभोवती काडेपेटीसारखी दुहेरी पेटी केली होती. हबकडची आतली पेटी, रिमकडची बाहेरची, एकात एक सरकणारी. ठोकळा ५० मिमीचा, आतल्या पेटीची मोकळी जागा ५२. दोन पेट्यांमध्ये १.५ मिमी सरकवाट. ड्रॉइंगवर फारच नीटनेटकं दिसत होतं. प्रत्यक्षात ठोकळ्यांच्या कडांवरून रबराच्या पातळ जिभा त्या फटीत शिरल्या होत्या, आतल्या पेट्यांच्या पट्ट्या बाहेर फुगल्या होत्या आणि दोन ठिकाणी वेल्डला बारीक चीर गेली होती.

रबर दबतं असं आपण म्हणतो. खरं तर ते दबत नाही, बाजूला सरकतं. त्याचं घनफळ जवळजवळ बदलत नाही. ३० मिमीचा ठोकळा २६ वर आणला की त्याची बाजू सरासरी ५० वरून ५३.७ मिमी व्हायला हवी, मध्यभागी त्याहून जास्त. भारासह २२.५ वर आला की सरासरी ५७.७. आमच्या ५२ च्या पेटीत तो सव्वादोन मिमी दबतानाच चारही भिंतींना टेकला. त्यानंतर स्प्रिंग संपली. उघड्या ठोकळ्याचा दाबातला मापांक (रबराच्या ताठपणाचं माप) आहे पावणेतीन मेगापास्कल. कोंडलेल्या रबराचा घनमापांक, म्हणजे घनफळ कमी करायला होणारा विरोध, हजार मेगापास्कलच्या वर जातो. बोल्ट बसत नव्हते ते यामुळे.

आणि ती पेटी दुसऱ्या बाजूनंही आडवी आली. हब ३.५ मिमी उतरतो तेव्हा बाजूच्या ठोकळ्यांवर तेवढीच कातर येते, म्हणजे आतली आणि बाहेरची पेटी एकमेकींसमोर ३.५ मिमी सरकायला हवी. वाट होती १.५. फाउंड्रीत ऐकलेला लोखंडाचा आवाज तो. वरचा-खालचा ठोकळा डोळ्यांसमोर ठेवून पेटी आखली आणि घड्याळातल्या नऊ-तीनच्या जागी असलेल्या बाजूच्या ठोकळ्यांचा विचारच केला नाही, असं हे झालं.

पेट्या त्या रात्रीच रद्द केल्या. नवीन ठोकळा दोन्ही अंगांना ४ मिमी पोलादी पट्टीला व्हल्कनाइझ करून (उष्णतेनं पक्का चिकटवून) घेतला, म्हणजे पट्टी बैठकीत खाचेत बसते आणि रबराच्या चारही कडा उघड्या राहतात. कडा सरळ न ठेवता आत वळलेल्या ठेवल्या. दाब आल्यावर त्या सपाट होतात, फुगवटा बाहेर येत नाही आणि कोपऱ्यात ताण साठत नाही. वाळूसाठी हबला पातळ पत्र्याची झाकणं लावली, रिमला न टेकणारी. सरकायला पुरेशी मोकळी जागा सोडली, थोडी वाळू आत गेली तरी चालेल असं धरून. ठोकळे आता ५ मिमी दाबून बसतात. भारासह एकूण ८.५ मिमी, म्हणजे २८ टक्के, आणि त्याच्या पुढे रोज नेऊ नये. हब ६ मिमी उतरला की रिमला टेकणारा एक रबरी थांबा दिला, म्हणजे भाराच्या सुमारे १.७ पट धक्क्यापर्यंत स्प्रिंग काम करते, पुढे थांबा. चंद्रावर १९७१ मध्ये गेलेल्या रोव्हरच्या चाकातही बाहेर पोलादी तारांची जाळी आणि आत टायटॅनियमचा असाच थांबा होता. लवचीक चाकाला कुठे थांबायचं हे सांगावंच लागतं.

चिकटवण्याचं काम बाहेरच्या रबरवाल्याकडे दिलं तर एक तपासणी आपण करावी. एक ठोकळा मुद्दाम फाडून बघायचा. पट्टीवर रबर उरलं असेल तर चिकट चांगली. स्वच्छ पोलाद दिसलं तर शॉट ब्लास्टिंगनंतर तेलाचा हात लागलाय, किंवा प्रायमर लावायला उशीर झालाय. नैसर्गिक रबर हायड्रॉलिक तेलात फुगतं, त्यामुळे तेल गळणाऱ्या प्रेसजवळून वाट असेल तर क्लोरोप्रीन (तेलात कमी फुगणारं कृत्रिम रबर) घ्यावं, ते आतून थोडं जास्त तापतं हे सोसून.

उष्णतेवरून आठवलं. हे चाक बघून एकानं विचारलं, हेच टेम्पोला लावता येईल का? प्रत्येक फेरीत प्रत्येक ठोकळा एकदा दबतो आणि सुटतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन राहते. आमच्या चाकात ती फेरीमागे साधारण ९ ज्यूल. ताशी १० किमीला चाक सेकंदाला २.२ फेऱ्या करतं, म्हणजे सुमारे २० वॅट. ठोकळ्याच्या गाभ्याचं तापमान पट्टीपेक्षा १५-१७ अंशांनी चढतं, ते चालतं. ताशी ६० किमीला तोच हिशेब सहापट होतो आणि गाभा पट्टीपेक्षा १०० अंशांनी तापतो. बाहेरून हात लावला तर कोमट लागेल आणि आत रबर शिजत असेल. फाटायला ते मध्यापासूनच सुरुवात करतं.

आणि वेगाचा दुसरा, अधिक गंभीर भाग पोलादाचा. ३ जून १९९८ ला जर्मनीत एशेडेजवळ ताशी सुमारे २०० किमी वेगानं जाणारी आयसीई ही वेगवान रेल्वेगाडी घसरून पुलावर आदळली, १०१ माणसं गेली. तिच्या चाकात रबराच्या कड्यावर पोलादी पट्टा होता. जेवणाच्या डब्यातली थरथर कमी व्हावी म्हणून तो प्रकार घेतला होता. नवा असताना व्यास ९२० मिमी, तुटताना ८६२, आणि ८५४ पर्यंत वापरायला परवानगी होती. चीर सुरू झाली ती पट्ट्याच्या आतल्या अंगाला, बाहेरून न दिसणाऱ्या जागी. मऊ बैठकीवरचा पोलादी पट्टा प्रत्येक फेरीत भाराखाली थोडा सपाट होतो, तेव्हा आतलं अंग ताणलं जातं. पट्टा झिजून पातळ झाला की तो ताण वाढतो. अमेरिकेत १९३६ पासून धावलेल्या पीसीसी नावाच्या ट्रामच्या चाकांतही रबर होतं, पण ट्रामचा वेग आणि भार वेगळा.

आमची रिम झिजत नाही, झिजतो तो ट्रेड. तरी वाकण्याचा नियम तिलाही लागू आहेच. म्हणून पट्टी वळवून जिथं वेल्ड केली, तो सांधा दोन ठोकळ्यांच्या मध्ये न ठेवता नेमका एका ठोकळ्यावर आणला आणि आतून घासून सपाट केला. महिन्यातून एकदा झाकण काढून आतल्या अंगाला डाय पेनेट्रंट, म्हणजे बारीक चीर दाखवणारा रंग, लावायचं. पेट्या असत्या तर हे बघताच आलं नसतं.

दुसऱ्या खेपेची चाकं बोल्टला पाना लावला तशी गुपचूप बसली, फट शून्य. ट्रॉली सांध्यांवरून आवाज न करता गेली. क्रॉसिंगवर मात्र वेग निम्मा करायला सांगितला, कारण तिथं थांबा लागतोच. चारांपैकी एक चाक लंगडत होतं, प्रत्येक फेरीत ट्रॉलीचा कोपरा किंचित वरखाली. उघडून बघितलं तर त्यात तीन ठोकळे दुसऱ्या घाण्याचे होते. ड्युरोमीटर (कडकपणा मोजणारं यंत्र) ५५ दाखवत होता. ५० ± ५ अशी सूट आम्हीच दिली होती. पाच अंकांचा फरक किरकोळ वाटतो, पण ५५ च्या ठोकळ्याची ताठरता ५० वाल्यापेक्षा ४४ टक्के जास्त निघते.

आता खरेदीच्या कागदावर कडकपणाऐवजी ताठरता लिहितो: १,१५० न्यूटनला ५ मिमी, अर्धा मिमी इकडेतिकडे. आलेला प्रत्येक ठोकळा छोट्या प्रेसवर तीनदा दाबून चौथ्यांदा मोजतो, कारण नवं रबर पहिल्या दाबांत जास्त ताठ असतं. आकडा पट्टीवर पांढऱ्या पेंटनं लिहिला जातो, आणि जवळजवळचे आठ आकडे एका डब्यात घालून तो डबा फिटरच्या टेबलावर जातो.