पावणेतीन वाजता ‘डॉट ओल्ड’

शनिवार. रात्र म्हणायची की पहाट, कोण जाणे.

डोकं दुखतंय आणि झोपही येत नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, आवृत्ती 11 वरून 15 वर न्यायचा होता. पीजी_अपग्रेड या त्यासाठीच्या टूलचं ‘चेक’ आठवडाभर आधीच चालवलं होतं, कुठे तक्रार नाही. डिस्कवर दुसरी प्रत मावेना म्हणून लिंक मोड घेतला. त्यात फाइली कॉपी होत नाहीत, जुनं आणि नवं दोन्ही क्लस्टर (डेटाबेसचे संच) त्याच फाइली धरून असतात. काम काही मिनिटांत आटोपलं. नवा सर्व्हर सुरू केला, ॲप जोडलं, खुर्चीत मागे रेललो.

दहा मिनिटांत सीपीयू 100 टक्के. रोज चुटकीसरशी उघडणारी यादी उघडेचना. कॉलवर चार जण आणि चौघांचं एकच पालुपद: मागे जाऊ या. मीही तंतरलो होतो. जुन्या फोल्डरमध्ये शिरलो. तिथल्या पीजी_कंट्रोल फाइलीच्या नावाला पीजी_अपग्रेडनं ‘डॉट ओल्ड’ जोडून ठेवलेलं असतं. ते शेपूट काढलं की जुना सर्व्हर उठतो. नाव बदलणारी एमव्ही कमांड लिहून झाली होती, एंटर तेवढं बाकी.

“अरे थांब! नवा एकदा सुरू झालाय ना?” स्क्रीन बघत असलेली सहकारी ओरडली.

हो की. नव्या सर्व्हरनं त्याच फाइलींत लिहायला घेतलं की जुना उठवायचा नसतो. उठवला असता तर डेटाचा चोथा झाला असता. परतीला आता फक्त बॅकअप. तो दोन आठवड्यांपूर्वी रिस्टोअर करून बघितला होता, पाच तास लागले होते. हा आकडा हाताशी होता म्हणून जरा भानावर आलो. पाच तास घालवून वर मधल्या नोंदी गमावण्यापेक्षा आधी इथेच बघू.

क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन ॲनालाइझ लावलं. क्वेरीचा मार्ग ठरवणाऱ्या प्लॅनरचा अंदाज आणि प्रत्यक्षातल्या ओळी यांचा मेळच नाही. तो ज्यावरून अंदाज बांधतो ते स्टॅटिस्टिक्सच नव्हते! अपग्रेडमध्ये ते सोबत येत नाहीत. (18 पासून बहुतेक येतात. आम्ही तिथवर पोचू तेव्हा पोचू.) व्हॅक्यूमडीबी टूलनं टप्प्याटप्प्यानं ॲनालाइझ लावलं, म्हणजे ते पुन्हा गोळा केले. पहिली फेरी ढोबळ असते, पण ती सरताच यादी उघडली.

चीड याची, की ॲनालाइझ माझ्या रनबुकात (कामांच्या क्रमवार यादीत) होतं. चौदाव्या ओळीवर. ॲप जोडणं अकराव्या. टेस्ट सर्व्हरवर डेटा चिमूटभर, तिथे हा उलटा क्रम टोचणार कसा?

ती एमव्ही कमांड कंट्रोल-सी दाबून सोडून दिली. तशी सोडलेली कमांड टर्मिनलच्या हिस्टरीत राहत नाही, म्हणून इथे लिहून ठेवली.