ताफ्यावरचं आकाश आणि पाण्याखालची पाणबुडी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नौदलावर बोलायला कुठेही गेलं की हा प्रश्न हमखास येतो: पाणबुडी शत्रूच्या विमानाला दिसत नाही, मग विमानविरोधी क्षेपणास्त्रं तिच्यावरच बसवून ताफ्याचं रक्षण का करत नाहीत?

ताफ्याच्या रक्षणाला पाणबुडी लावायचा विचार अमेरिकी नौदलाला फार मोठी किंमत मोजून सुचला. १९४५ साली जपानच्या ओकिनावा बेटाभोवती त्यांच्या विनाशिका रडार लावून पहाऱ्याला उभ्या असत, आणि जपानची कामिकाझे, म्हणजे आत्मघातकी, विमानं आधी त्यांच्यावरच कोसळत. १६ एप्रिलला ‘लाफी’वर एकापाठोपाठ सहा विमानं आदळली, वर चार बॉम्ब. जहाज वाचलं, पण ३२ माणसं गेली. मग ठरलं, की पहाऱ्याला पाणबुडी ठेवायची; हल्ला आला की ती बुडी मारेल. ‘रेक्विन’ वगैरे पाणबुड्यांवर मोठाली रडारं चढवली. शेपटीकडच्या टॉर्पेडोच्या खोलीत यंत्रं कोंबली, तर समुद्राचं पाणी शिरून ती बंद पडू लागली. १९५९ मध्ये याच कामासाठी दोन अणुभट्ट्यांची ‘ट्रायटन’ आली. दोनेक वर्षांतच हे काम विमानवाहू नौकेवरून उडणाऱ्या रडारच्या विमानांकडे गेलं.

कारण उंचीचं आहे. रडारचे तरंग पाण्यातून जात नाहीत, म्हणून पाहायचं तर डोलकाठी पाण्याबाहेर काढायलाच हवी. ती चार मीटर वर आली आणि क्षेपणास्त्र लाटांवरून पाच मीटर उंचीनं येत असलं, तर ते जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरवर दिसतं. ब्रह्मोसच्या वेगानं येणारं क्षेपणास्त्र हे अंतर वीसेक सेकंदांत कापतं. तेच रडार तीन हजार मीटरवरच्या हेलिकॉप्टरमध्ये असेल, तर नजर दोनशे किलोमीटरच्या पलीकडे पोचते. आपल्या नौदलाकडची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं त्यासाठीच आहेत. शिवाय रडार चालू केलं की पाणबुडी स्वतःचा पत्ता शत्रूला देऊन बसते. लपलेली नसेल तर ती पाणबुडी कसली!

पाणबुडीतून विमानावर मारा होतच नाही, असं मात्र नाही. २००८ मध्ये जर्मनीच्या यू-३३नं बुडी मारलेल्या स्थितीत ‘आयडास’ क्षेपणास्त्र डागून दाखवलं. त्याच्यामागे फायबरची तार उलगडत जाते आणि त्या तारेतून समोरचं चित्र पाणबुडीत दिसतं. पण हे हत्यार डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी.

ताफ्याचं आकाश पाणबुडीनं खरोखर राखलं ते १९८२ साली, फॉकलंडच्या युद्धात. ब्रिटिश अणुपाणबुड्या अर्जेंटिनाच्या किनाऱ्यालगत रडार न लावता थांबत आणि हल्ल्याला निघालेल्या विमानांची वर्दी ताफ्याला देत. २ मे रोजी त्यांतल्याच ‘काँकरर’नं अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर (मोठी युद्धनौका) बुडवली. ३२३ माणसं गेली. त्यानंतर पाणबुड्यांच्या धास्तीनं अर्जेंटिनाची विमानवाहू नौका किनाऱ्याकडे परतली ती पुन्हा लढायला आलीच नाही. तिच्यावरची स्कायहॉक विमानं पुढे जमिनीवरच्या तळांवरून उडाली, आणि इतक्या लांबून आल्यावर ताफ्यावर घुटमळण्याइतकं इंधन त्यांच्याकडे उरत नसे.