लक्सर: अडीच दिवस, उन्हाच्या आधी

इजिप्तमधल्या लक्सरला जाणार असाल तर आधी एक विनंती: ते एका दिवसात उरकू नका. लाल समुद्राकाठच्या हुरघाडाहून पहाटे निघालेल्या बसगाड्या चारेक तासांत लक्सरला पोचतात. माणसं भर उन्हात कर्नाकचं प्राचीन मंदिर पाहतात, राजांच्या दरीत जाऊन येतात आणि त्याच रात्री परततात. कर्नाकमध्ये अकराच्या सुमाराला असे गट आम्हाला भेटले. सगळे सावली शोधत होते, वर कुणाचीच नजर नव्हती. आणि तिथे पाहायचं ते सगळं वरच आहे.

आम्ही जानेवारीत गेलो. मी, नवरा आणि अडुसष्ट वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सगळा आराखडा तिच्या चालीने आखला. आता वाटतं, गुडघे धड असते तरी असाच आखायला हवा होता. कैरोहून रात्रीची रेल्वे साधारण दहा तास घेते, विमान तासाभरात पोचवतं. आम्ही विमान घेतलं. राहायला मात्र शहरात न थांबता नाईलच्या पश्चिम तीरावरचं एक लहानसं घरगुती लॉज निवडलं, आणि हाच सल्ला मी सगळ्यांना देईन. राजांच्या कबरी, हात्शेप्सुत राणीचं मंदिर, मेदिनेत हाबू हे सगळं पश्चिमेला आहे. त्यासाठी सकाळी नदी ओलांडावी लागत नाही. पलीकडे लक्सर मंदिरापाशी जायचं तर फेरीबोट आहे, गावची माणसं रोज तिनेच जातात-येतात.

आणि पश्चिम तीरावर ऊस आहे! आम्ही सांगली जिल्ह्यातले. लॉजच्या गच्चीवरून पाहिलं तर एका बाजूला उघडे पिवळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी ऐन तोडणीला आलेला ऊस, आणि शेतांतून लहान रुळांवर मोळ्यांनी भरलेल्या वाघिणी. आई कितीतरी वेळ तेच बघत बसली. पहाटे याच गच्चीवरून हवेतले फुगे वर चढताना दिसतात. आम्ही फुग्यात बसलो नाही, पण शेगडी पेटल्यासारखा त्यांच्या ज्वाळेचा आवाज वरपर्यंत येतो.

पहिली सकाळ राजांच्या दरीसाठी ठेवा आणि सहाला दारात उभे राहा. तिथे आमची अर्धा तास अडचण झाली. खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू केले होते, पण त्याची मर्यादा शून्यावरच राहिली होती. नवऱ्याचं कार्ड दुसऱ्या बँकेचं होतं म्हणून निभावलं. घरून निघण्याआधी दोन्ही गोष्टी तपासा आणि दोन बँकांची कार्डं जवळ ठेवा. सुट्ट्या नोटा वेगळ्या हव्यातच. कबरीतला रखवालदार विजेरीने एखादं चित्र दाखवतो आणि हात पुढे करतो. त्यांचा शब्द आपलाच आहे, बक्षीस. नको असेल तर सुरुवातीलाच हसून ‘ला, शुक्रन’ म्हणावं, म्हणजे ‘नको, आभारी आहे’.

साध्या तिकिटावर तीन कबरी पाहता येतात. तुतनखामून, सेती पहिला, आणि रामसेस पाचवा-सहावा यांच्या कबरींची तिकिटं वेगळी. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये शोधलेली तुतनखामूनची कबर अगदी लहान आहे, चित्रं एकाच खोलीत आहेत. त्याची ममी मात्र अजून तिथेच आहे. एकच जादा तिकीट काढायचं असेल तर माझं मत नऊ क्रमांकाला, म्हणजे रामसेस पाचव्या-सहाव्याला. लांब सरळ उतार, आणि शेवटच्या दालनाच्या छतावर आकाशदेवी नूत, पाठीला पाठ लावून दोनदा काढलेली. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि सकाळी ती त्याला जन्म देते. लाल तबकड्यांची ती रांग तिच्या अंगभर मोजता येते. मान दुखेपर्यंत बघावं. गुडघेदुखीवाल्यांनी रामसेस चौथ्याची दोन क्रमांकाची कबर नक्की घ्यावी, दारापासून जवळ आणि जवळजवळ सपाट. थुतमोस तिसऱ्याची चौतीस क्रमांकाची कबर सुरेख आहे, पण आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग खोल उतरायचं. तिथे मी एकटीच गेले.

तिथून हात्शेप्सुतच्या मंदिरात. मधल्या मजल्यावर डाव्या हाताच्या ओवरीत पुंत या प्राचीन देशाच्या मोहिमेचा पट आहे. ऊदाची झाडं मुळांच्या मातीसकट टोपलीत घालून, काठीला लटकवून माणसं गलबतावर चढवताहेत. रोपवाटिकेतून कलम आणताना आपण मुळांभोवतीची मातीची हुंडी जपतो, तसंच.

दुपारी जेवून झोपा. तीननंतर मेदिनेत हाबू, आणि त्याचं तिकीट तिथे न मिळता मेम्नॉनच्या दोन भव्य पुतळ्यांपुढच्या तिकीटघरात मिळतं, हे लक्षात ठेवा. रामसेस तिसऱ्याचं हे मंदिर बहुतेक सहलींमध्ये वगळतात. अक्षरं इतकी खोल कोरलेली की आई म्हणाली, अख्खा पंजा आत जाईल. युद्धात कापलेल्या हातांचे ढीग मोजणारे कारकूनही भिंतीवर आहेत. याच राजाच्या २९व्या वर्षी कबरी खोदणाऱ्या कारागिरांनी मजुरीचं धान्य थकलं म्हणून काम बंद केलं आणि मंदिरांपाशी जाऊन बसले. इतिहासात नोंद असलेला हा सर्वांत जुन्या संपांपैकी एक. त्या कारागिरांचं गाव, देर अल-मदिना, जवळच आहे. स्वतःसाठी रंगवलेली त्यांची छोटी थडगीही वेळ असेल तर पाहा.

खाण्याची शाकाहारी मंडळींना चिंता नको. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याचं घट्ट कालवण, त्याच दाण्यांची तामेया, भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी, आणि ऐश नावाची कोंड्याची भाकरी. मुलुखियाची भाजी घेण्याआधी विचारा, ती बऱ्याचदा मांसाच्या रश्शात करतात. कर्कादे जरूर प्या, ते आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

दुसरी सकाळ संपूर्ण कर्नाकची. सहाला आत. पहिल्या महाद्वाराच्या मागे उजव्या हाताला कच्च्या विटांचा ढिगारा आहे, तो पाहिल्याशिवाय पुढे पळू नका. बांधकामासाठी रचलेला तो उतार आहे, महाद्वार अपुरं राहिलं म्हणून तोही राहिला. मग १३४ खांबांचं दालन. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच, त्यांच्या माथ्यावर उमललेला पपायरस, म्हणजे नाईलकाठचं पाणगवत. बाजूच्या बुटक्या खांबांवर मिटलेली कळी. उंचीच्या या फरकातून दगडी जाळ्यांच्या खिडक्या निघाल्या आणि उजेड मधल्या वाटेवर पडायचा. तुळयांच्या खालच्या बाजूला रंग अजून टिकून आहेत.

गर्दी वाढली की आवारातल्या खुल्या संग्रहालयाकडे वळा. तिथे हात्शेप्सुतचं लाल दगडाचं देऊळ पुन्हा रचून उभं केलंय. त्याच्या भिंतीवर पुजारी अमून देवाची होडी खांद्यावर घेऊन निघालेत. ओपेतच्या उत्सवात देव कर्नाकहून लक्सरच्या देवळात जायचा आणि वाटेत त्याच्यासाठी सहा विसावे बांधलेले होते. मी आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘पालखीच की गं ही.’ मग ती त्या भिंतीपासून हलेना.

देवाच्या त्याच वाटेवरचा स्फिंक्सांचा रस्ता, २.७ किलोमीटरचा, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खुला झाला. सावली अजिबात नाही. आम्ही थोडं चाललो, मग गाडी केली.

लक्सर मंदिर शेवटच्या संध्याकाळी, दिवे लागण्याच्या वेळी. दारातल्या दोन ओबेलिस्कांपैकी, म्हणजे एकसंध दगडी सुळक्यांपैकी, एकच उरलाय, जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. आत शिरताच डावीकडे वर पाहा. अबू अल-हग्गागची मशीद देवळाच्या खांबांवरच बसलीय आणि तिचं एक दार जमिनीपासून कित्येक हात वर, हवेत उघडतं. देऊळ मातीत बुडालेलं असताना तीच जमीन होती. त्या पिराच्या उरुसात, शाबान महिन्यात, आजही गावातून होड्या मिरवतात. आम्ही मंदिरातल्या अमेनहोतेप राजाच्या अंगणात टेकलो असताना वरून अजान सुरू झाली. आईने पदर डोक्यावर घेतला आणि ती संपेपर्यंत आम्ही तिघं तिथेच बसलो.