सही संपली ती नेमकी आरतीच्या वेळी

मावसभावाचा इचलकरंजीत कापडाचा धंदा आहे. त्याची वेबसाइट आणि मेल माझ्या गळ्यात, कारण घरात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की सगळी बोटं माझ्याकडे वळतात. डोमेन डॉट कॉम, आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) आमच्याच दोन सर्व्हरवर, बाइंड या प्रोग्राममध्ये. हा हट्ट माझाच.

झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पहिला मार बसला तो टिंबाचा. दुकानाची पानं दुसऱ्या होस्टिंगवर होती, म्हणून तिकडचं नाव देऊन सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणारी नोंद) लावला आणि शेवटी टिंब द्यायला विसरलो. टिंब नसलं की बाइंड ते नाव अर्धवट धरून पुढे आपलंच डोमेन चिकटवतो. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडच्या उत्तरात ते लांबलचक शेपूट दिसेपर्यंत मी होस्टिंगवाल्याला शिव्या घालत होतो. दुसरा मार सिरियल नंबरचा, म्हणजे फाइलच्या आवृत्तीच्या आकड्याचा: फाइल बदलली, नंबर वाढवला नाही, आणि दुय्यम सर्व्हरने बदलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हापासून तारीख आणि पुढे दोन आकडे, न चुकता.

मग डीएनएससेकची, म्हणजे डीएनएसच्या नोंदींवर डिजिटल सही करण्याची, हौस आली. झेडएसके ही की (सही करायची किल्ली) रेकॉर्डांवर, म्हणजे नोंदींवर, सही करते, केएसके ही कींच्या यादीवर. केएसकेचा ठसा, म्हणजे डीएस रेकॉर्ड, रजिस्ट्रारमार्फत (डोमेन जिथून घेतलं ती कंपनी) डॉट कॉमच्या झोनमध्ये जातो. २० ऑगस्ट २०२३, रविवार, सकाळी अकरा वाजता मी दोन्ही कींनी झोन हाताने साइन केला, डीएस चढवला, सगळं हिरवं दिसलं. खूश होऊन जेवायला बसलो.

१९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. साडेदहाच्या सुमाराला आरती चालू असतानाच दादाचा, म्हणजे मावसभावाचा, फोन.

"अरे, मुंबईच्या पार्टीला साइट उघडत नाहीये. मेलही जात नाही म्हणतायत."

माझ्या मोबाइलवर उघडत होती. हीच यातली खरी फसगत. माझ्या इंटरनेटवाल्याचा रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्यासाठी पत्ते शोधून आणणारा सर्व्हर, सह्या तपासतच नव्हता, त्यामुळे मला सगळं ठणठणीत. हातात ताम्हण तसंच ठेवून गूगलच्या ८.८.८.८ या सह्या तपासणाऱ्या रिझॉल्व्हरला विचारलं, तर सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. तोच प्रश्न डिगला 'प्लस सीडी' लावून, म्हणजे सही तपासू नकोस असं सांगून विचारला, तर पत्ता लगेच हजर. म्हणजे रेकॉर्ड ठीक, सहीत घोळ. आरआरसिग या सहीच्या नोंदीत मुदत लिहिलेली होती: २०२३०९१९०४३०१२. आधी वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिटं-सेकंद, आणि ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे दहा वाजून १२ सेकंद.

साइन करायच्या साइनझोन या कमांडला मुदत सांगितली नाही तर तो सही ३० दिवसांचीच करतो, तीही घड्याळ तासभर मागे धरून. मी की कायमच्या म्हणून सह्याही कायमच्या समजून बसलो होतो. सिरियल वाढवून पुन्हा साइन केलं, रीलोड केलं, पाच मिनिटांचं काम. सर्व्हफेल ही तात्पुरती अडचण धरली जाते, त्यामुळे पाठवणाऱ्यांकडे अडकलेले मेल संध्याकाळपर्यंत आपोआप आले. मोदक मात्र गार झाले होते.

त्यानंतर हाताने साइन करणं बंद. बाइंडच्या ९.१६ पासून डीएनएससेक-पॉलिसी ही सेटिंग आहे. ती सह्या मुदतीआधीच नव्या करत राहते. पण तिथेही एक खड्डा आहे. नुसतं 'डीफॉल्ट' लिहिलं तर एकच की दोन्ही कामांना धरली जाते, आणि माझ्या जुन्या दोन की तिच्या हिशेबात बसत नाहीत म्हणून बाइंड त्या हळूहळू काढून टाकायला लागतो. म्हणून आधी स्वतःची पॉलिसी लिहिली: केएसके, झेडएसके, दोन्ही अल्गोरिदम १३ (सहीची पद्धत), जशा होत्या तशाच.

पुढे केएसके बदलली तेव्हा घाई केली नाही. नवी की झोनमध्ये दिसू लागल्यावर तिचा डीएस जुन्याच्या शेजारी टाकला, की-टॅग (कीचा ओळखक्रमांक) आकडा-आकडा बोट ठेवून जुळवला. डॉट कॉममध्ये डीएसचा टीटीएल (रिझॉल्व्हरने उत्तर साठवून ठेवायची मुदत) ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस. मी दोन दिवस थांबलो. मग जुना डीएस काढला आणि पुन्हा थांबलो. दादाने मध्येच विचारलं, "झालं का रे?" म्हटलं, अजून नाही. चौथ्या दिवशी ८.८.८.८ कडून एकच डीएस आला, नवा. तेव्हा कुठे जुन्या कीची फाइल हलवली.