कमाटी बागेतला व्हेल

बडोद्यात पाहुणे आले आणि दुपारची जेवणं उरकून आता काय करायचं असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं, कमाटी बाग. कागदावर ती सयाजी बाग आहे, पण आमच्याकडे तसं म्हणताना मी तरी कुणाला ऐकलेलं नाही. स्टेशनवरून निघालं की काळा घोडा लागतो, म्हणजे काळ्या घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज, आणि तिथेच बागेचं गेट, फुगेवाले, शेंगा, भाजलेली कणसं वगैरे.

बाग १८७९ सालची. महाराजांनी बांधली असं सगळेच सरसकट सांगतात, पण तेव्हा महाराज जेमतेम सोळा वर्षांचे, नाशिककडच्या कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आलेले, आणि कारभार पूर्णपणे त्यांच्या हातात आला तो १८८१ मध्ये, तोवर सगळं बघायचे दिवाण टी. माधवराव. त्यामुळे थोडं श्रेय दिवाणसाहेबांना द्यायला हरकत नाही असं माझं आपलं मत, घरात कुणाला पटत नाही.

पण बागेतच म्युझियम, ही आयडिया मात्र महाराजांनाच शोभते. म्युझियमची इमारत १८९४ ची. ज्या राजाने पुढे १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगाव वाचनालयं काढली, तो बागेत हवा खायला आलेल्या माणसाला तरी कसा सोडेल? हवा खा बाबा, पण जाता जाता इजिप्तची ममी पण बघून जा. आणि लोक खरंच बघतात, म्हणजे शिकायला म्हणून कुणी येत नाही, आत जरा गार असतं म्हणून येतात, पोरं कंटाळली म्हणून येतात, आणि मग व्हेलसमोर येऊन थबकतात.

तो व्हेल म्हणजे ब्लू व्हेलचा सांगाडा, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, ७० फुटांच्या वर लांब, आणि म्हणे हे पिल्लू! एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस छोटासा दिसतो. पोरं बरगड्या मोजायला लागतात, मध्येच चुकतात, परत पहिल्यापासून, आणि मागून कुणाची तरी आजी ओरडत असते, अरे हात लावू नको, काका रागावतील. काका म्हणजे गार्ड, ते बिचारे खुर्चीत पेंगत असतात. माझी भाची एकदा विचारत होती की याची आई कुठेय, आता काय सांगणार, समुद्रात असेल म्हटलं आणि पुढे सरकलो.

ममीपाशी मात्र कुणी फार रेंगाळत नाही.

बागेतून विश्वामित्री वाहते आणि नदीत मगरी आहेत, एकदोन नाही, शहराच्या हद्दीत शेकड्यांनी. त्यामुळे मजा अशी की झूमध्ये तिकीट काढून पिंजऱ्यातले प्राणी बघायचे आणि पुलावरून खाली वाकलं की गाळात पसरलेली मोकळी मगर फुकट. थंडीत उन्हाला येऊन पडते, तोंड उघडं टाकून, तासन् तास, आणि पुलावर पैजा लागतात की जिवंत आहे का पुतळा आहे. पावसाळ्यात पूर आला की हा विनोद संपतो, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाणी शहरात शिरलं तेव्हा मगरी लोकांच्या सोसायट्यांपर्यंत पोचल्या होत्या. तरी नदीकाठच्या लोकांना त्यांचा राग नाही, पाणी उतरलं की सगळे परत आपापल्या जागी.

पाहुणे आले की आमच्यात एक वाद ठरलेला, आधी म्युझियम का आधी पूल. मी म्युझियमवाला, कारण ते संध्याकाळी बंद होतं आणि मगरीला काही वेळापत्रक नाही. आणि हो, बागेत पोटभर खात बसू नका, बाहेर पडून सेव उसळ खायचीय, तिच्यावरची तिखट तर्री वेगळी मागून घ्या.